खिरीच्या दोन वाट्या

कौसाआत्याच्या हातून चहा घ्यायचा म्हणजे आधी त्या चहाची सगळी कुळकथा ऐकून घ्यावी लागे. कप पुढे करायची, पण सोडायची नाही. "च्या हाय. दूध म्हशीचं, सकाळचं. साखर हाय, अद्रक हाय, इलायची न्हाई. समजलं का?" आपण 'समजलं' म्हटलं की मगच कप तिच्या हातातून सुटायचा. पाण्याचंही तेच. "पाणी हाय. माठातलं." एकदा शेताच्या मोजणीला आलेला साहेब हसून म्हणाला, "आजी, पाणी आहे ते दिसतंय की मला." तर ही म्हणते, "दिसतंय तेवढंच असतं व्हय त्यात?" त्या बिचाऱ्याने घोट न घेताच पेला खाली ठेवला.

गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हातारी चळली, म्हणायच्या. मी कधी हसलो नाही. ही सवय तिला कुणामुळे लागली ते मला पक्कं माहीत होतं, आणि तो माणूस आठवला की आजही माझं डोकं सणकतं. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. कागद वाया घालवावा एवढी त्याची लायकी नाही. नुसतं डॉक्टर म्हणू.

मी गंगाखेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर माइकवर गाड्या पुकारतो, त्यामुळे आवाज मोठा आणि स्वभाव तापट, असं माझी बायकोच म्हणते. तेव्हा हे लिहिताना माझा आवाज चढला तर चढू द्या. आत्याबद्दल मला खालच्या आवाजात बोलताच येत नाही.

कौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पोखर्णीच्या अलीकडच्या गावात दिलेली. उंच, हाडापेराने मजबूत, हनुवटीवर गोंदण, चालताना पायातल्या वहाणा फटफट वाजवणारी. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की माझे हाल व्हायचे, म्हणजे खाण्याचे. ती ताटात वाढून मोकळी होणारी बाई नव्हतीच. तोंडात घास कोंबायची. आपलं पोट भरलं म्हटलं तर एका हाताने मानगूट धरायची, दुसऱ्या हाताने ठेचा माखलेला भाकरीचा तुकडा सरळ जिभेवर. आणि वर हसत म्हणायची, "खा रे, इख न्हाई घातलं त्यात!" हे तिचं पेटंट वाक्य. पाहुणा असो, सालगडी असो, सोयरीक बघायला आलेला मुलाचा बाप असो, सगळ्यांना तेच. तिची मुलगी शोभा लाजेनं अर्धी व्हायची.

किसनमामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तर ती लहान पोरासारखं भरवायची. मामा विसरभोळे. डोक्यावर टोपी असताना घरभर टोपी हुडकणारे. जेवलो की नाही हेही त्यांना बायकोला विचारावं लागे. "कौसे, म्या जेवलो का गं?" "जेवलाव. दोनदा." अशी त्यांची बोलणी. मऊ माणूस. कुणालाही नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ते नको असलेला चहासुद्धा पिऊन घ्यायचे.

हा डॉक्टर त्याच गावचा. त्याचा बाप आणि मामा जिवाभावाचे दोस्त, एका विहिरीवर दोघांची मोट चाललेली. बाप लवकर गेला, तेव्हा या पोराच्या शिक्षणाच्या काळात आत्याच्या घरचं दूध आणि ज्वारी त्यांच्याकडे जायची. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, आत्यानेही कधी सांगितलं नाही. पुढे त्याने परभणीत मोठा दवाखाना टाकला, काचेचं दार, आत थंडगार. मामांना बीपीचा त्रास. गोळी चालू होती, सरकारी दवाखान्यातली, आणि त्या गोळीवर ते ठणठणीत होते. मग एक दिवस डॉक्टरने गावात शिबीर घेतलं.

शिबिरात त्याने सांगितलं की विलायतेची नवी गोळी आली आहे, सगळ्यांना मिळत नाही, आपल्या गावासाठी म्हणून मी आणली. फुकट. मात्र जुनी गोळी बंद करायची, दोन्ही एकदम चालत नाहीत. गोळी अजून परीक्षेला बसलेली आहे, आणि परीक्षा आपल्याच अंगावर होणार आहे, हे त्याने सांगितलं का? सांगितलं म्हणे. कॅमेरा लावला, पुढ्यात मामांना बसवलं, आणि कसलं तरी पुस्तकी मराठी आगगाडीसारखं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, "काका, समजलं असलं तर कॅमेऱ्याकडं बघून 'समजलं' म्हणा." मामांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पण दोस्ताचं पोर एवढं वाचतंय, आणि समजलं नाही म्हणावं तर त्याचा चारचौघांत अपमान. मामा टोपी सारखी करून स्वच्छ आवाजात म्हणाले, "समजलं, बाळा." मागच्या रांगेतल्या दोघातिघांना त्यांनीच पुढं ढकललं. जा की रे, आपलंच पोरगं हाय.

गोळी रोज सकाळी घ्यायची होती, एकही चुकवायची नव्हती. मामांच्या भरवशावर ते होणं शक्यच नव्हतं. मग आत्या होतीच. सकाळी चहा झाला की ती मामांना ओट्यावर बसवायची, "आ करा" म्हणायची आणि स्वतःच्या हाताने गोळी जिभेवर ठेवायची. वर पाण्याचा तांब्या तोंडाला. मामा तोंड वाकडं करायचे. ती म्हणायची, "गिळा, इख न्हाई घातलं त्यात!"

थोड्याच दिवसांत मामांचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी यायची. आत्या त्यांना घेऊन परभणीला गेली. डॉक्टरने बीपी पाहिलं, आकडा कागदावर लिहून घेतला. मग म्हणाला, "नव्या गोळीला शरीर सरावतंय काकू. थोडं वरखाली होणारच. गोळी चुकवू नका म्हणजे झालं." आत्याने विचारलं, "जुनी देऊ का यांना, थोडे दिस?" तर चिडला. "मग सगळंच वाया जाईल." काय वाया जाईल ते त्याने सांगितलं नाही. आत्या घरी आली आणि आणखी काळजीने गोळी द्यायला लागली. तिने एक सकाळ चुकवली नाही.

पोळ्याच्या आधी एका सकाळी तिने गोळी दिली, तांब्या लावला, आणि पाणी मामांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून बाहेर यायला लागलं. "नीट प्या की वो," म्हणाली. मामांचं तोंड वाकडं झालं होतं, ते गोळीच्या चवीमुळे नव्हे. मेंदूत रक्त साकळलं होतं. परभणीला नेलं, पण ते पुन्हा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

मी काही गप्प बसणारा माणूस नाही. दिवस झाले की आत्याला घेऊन थेट दवाखान्यात गेलो आणि काचेच्या दारातूनच सुरू झालो. डॉक्टर आम्हाला घाईघाईने आत घेऊन गेला. आधी गोड बोलला, मग वकिली. काकांना सगळं समजलं होतं, आमच्याकडं व्हिडिओ आहे, म्हणाला. मी गळपट्टी धरायच्या बेतात असताना त्याने एक वाक्य टाकलं. "आणि गोळीनंच गेले कशावरून? या तपासणीत निम्म्या लोकांना खरी गोळी असते, निम्म्यांना खोटी. तिच्यात पिठाशिवाय काही नसतं. दिसायला सारखीच."

आत्या तोपर्यंत खाली मान घालून बसली होती. तिने मान वर केली. "मग यांना कंची व्हती?"

"ते मलाही माहीत नसतं काकू. सगळ्यांचं झालं की मग ते नोंदीचं पाकीट उघडतात. अजून उघडलेलं नाही."

आम्ही तक्रार केली. कुणी कुणी आले, व्हिडिओ पाहिला. त्यात मामा टोपी सारखी करून 'समजलं, बाळा' म्हणत होते. आलेले लोक चहा पिऊन गेले. संपलं. मी महिनाभर दात खात फिरलो, ड्रायव्हर-कंडक्टरांवर खेकसलो. आत्या मात्र ओरडली नाही, रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. ती फक्त बाजाराच्या दिवशी एसटीने परभणीला जायची, दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर जाऊन बसायची आणि डॉक्टर दिसला की विचारायची, "उघडलं का?" तो म्हणायचा, "नाही अजून." ती उठून घरी यायची. पूर्वी त्याला 'अरे बाळा' म्हणायची, आता 'तुमी डाक्टर' म्हणायला लागली. त्याला वाटलं मान वाढला.

आणि याच काळात तिची ती नवी सवय सुरू झाली. काही द्यायचं तर आत काय आहे ते सांगून द्यायचं. समोरच्याने 'समजलं' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. 'इख न्हाई घातलं' हे वाक्य तर मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलंच नाही.

मला आधी वाटायचं, हिला नुसती खोटी की खरी एवढंच कळून घ्यायचं आहे, म्हातारं माणूस एक गोष्ट धरून बसतं तसं. खरं काय ते येलदरीला कळलं. शोभाचा नवरा तिथं पाणी-विजेच्या केंद्रावर नोकरीला. त्यांच्या मुलीचं उष्टावण होतं. पहिला घास मी भरवला, नात्यानं मामा म्हणून. मग शोभाने चांदीच्या वाटीत खीर घेऊन आईपुढे धरली. "आई, आता तू." आत्या दोन पावलं मागं सरली. "न्हाई. माझा हात नको." सगळ्यांना वाटलं, विधवा म्हणून मागं सरते. शोभा म्हणाली, "आमी न्हाई मानत आई तसलं काही." आत्या म्हणाली, "तसलं न्हाई गं." आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

मी तिच्या मागं गेलो. दुपारचं ऊन होतं. ती नळाखाली हात धूत उभी होती, खाल्लं काहीच नव्हतं तरी. मी नळ बंद केला. ती म्हणाली, "दत्ता, खरी गोळी असली तर तिनंच त्येंचा जीव घेतला. आन् ती म्या घातली त्येंच्या जिभेवर. रोज. आ करा म्हणून. ते तोंड वाकडं करायचे तरी म्या घातली."

"अगं, तू काय जाणूनबुजून..."

"जाणून न्हाई घातली म्हणून हात कुणाचा दुसऱ्याचा व्हतो का? खोटी असली तर मग जुनी गोळी बंद करणारा त्यो मारणारा. माझा हात सुटला. मला एवढंच सांगा म्हणावं त्याला. माझ्या हातानं मेले का त्याच्या."

मी त्या दिवशी येलदरीच्या त्या नळाजवळ उभा राहून त्या डॉक्टरला ज्या शिव्या घातल्या त्या इथं छापता येणार नाहीत. एका शब्दाचं काम होतं. तपासणी केव्हाच संपली होती, हे मला नांदेडच्या एका औषध दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणजे उघडलं होतं. याला ठाऊक होतं. आणि हा माणूस बाकावर बसलेल्या म्हातारीला दर बाजारी सांगत होता, नाही अजून.

मी आत्याला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "बरं" म्हणाली तेव्हा तिचा आवाज असा होता की मीच जरा घाबरलो.

पुढचा भाद्रपद आला. पितृपंधरवड्यात आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या नावाने कुणाला तरी जेवायला बोलावतात. त्या दिवसापुरता तो माणूस म्हणजे तो पितर. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, गेलेल्याला आवडायचं ते त्याला वाढायचं. हे बोलावणं कुणी मोडत नाही. आत्या दवाखान्यात गेली आणि भरल्या बाकांसमोर हात जोडून म्हणाली, "डाक्टर, तुमच्या काकाच्या जागी जेवाया या. तुमच्या बापाचा दोस्त व्हता." डॉक्टरच्या डोक्यात त्या वर्षी जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. म्हातारी निवळली, वर गावात फुकटची प्रसिद्धी. तो लगेच हो म्हणाला.

आला तो पांढराशुभ्र सदरा घालून, बरोबर मोबाइलवर फोटो काढणारा एक चेला घेऊन. पाटावर मामांच्या नावाने तो बसला, शेजारी मामांच्या वडिलांच्या नावाने मी. आत्याने त्याचे पाय धुतले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण तिने मला आधीच बजावलं होतं, "मुकाट जेवायचं. तोंडातून अक्षर काढायचं न्हाई." दारात, ओट्यावर गावातली पाचपंचवीस माणसं, एकदोघांचे मोबाइलही चालू. ताटात वडे, कढी, कारलं, गवारी, कुरडई. शेवटी तिने गव्हाच्या खिरीच्या दोन वाट्या आणून ठेवल्या, एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे. मग समोर बसली आणि आपलं नेहमीचं पुराण सुरू केलं, पण एवढ्या भरभर की मला मामांपुढचं ते वाचन आठवलं.

"वड्यात उडीद हाय, कढीत बेसन हाय, कारल्यात चिच हाय, गूळ हाय, खीर गव्हाची हाय, एका वाटीत तुमी दिल्याली गोळी कुटून हाय, दुसरीत न्हाई, वाट्या शेजारच्या सखूनं भरल्या, म्या पाठ फिरवून बसले व्हते, कंची कुणाला आली ते मला बी ठाव न्हाई, कुरडई गव्हाची हाय. समजलं का?"

मला समजलं. माझा हात ताटातच थांबला. डॉक्टर चेल्याकडे बघून हसत होता. त्याला म्हातारीचं हे खूळ ठाऊक होतं, सगळा जिल्हा हसायचा त्याला. आत्या म्हणाली, "मोबाइलकडं बघून म्हणा." तो मोबाइलकडे बघून, हात जोडून म्हणाला, "समजलं काकू, समजलं!" आणि वर लाडात येऊन, "पहिल्यासारखं म्हणा की, इख न्हाई घातलं त्यात." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "जेव दत्ता." मी खीर खाल्ली. तिच्या हातचं मी खाणार नाही तर कुणाच्या हातचं खाणार? पण खोटं कशाला बोलू, पहिला घास मी अर्धाच घेतला.

डॉक्टरने वाटी बोटाने पुसून घेतली. मग आत्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश.

त्याचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. विसरायचाही नाही, सणासुदीला काढून बघण्यासारखा ऐवज आहे तो. आधी हसला. मग हसू तिथंच राहिलं आणि डोळे मात्र वाटीकडे गेले. मग उठला, पाटाला अडखळला आणि गोठ्यामागे जाऊन घशात बोटं घातली. परत आला तो लालबुंद. "हा गुन्हा आहे. पोलिसात देईन मी तुम्हाला!"

"द्या," आत्या बसल्या जागेवरूनच म्हणाली. "सांगा फौजदाराला, म्हातारीनं मला माझीच गोळी चारली. लय वंगाळ गोळी हाय म्हणून सांगा. गावासाठी म्हणून आणली व्हती ना तुमी?" दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. "आन् तुमी समजलं म्हणलाव. आमच्याकडं बी व्हिडिओ हाय आता."

"काकू, खरं सांगा. कोणत्या वाटीत होती?"

"मला कसं ठाव? अजून उघडलं न्हाई." ती उठली. "तुमी माझं उघडा, म्या तुमचं उघडते. एक शबूद तुमी, एक शबूद म्या. हाय का कबूल?"

सगळं गाव ऐकत होतं. त्याने ओठ हलवले. मला वाटलं, बोलतो आता. आत्यालाही वाटलं असावं, कारण तिचा हात आपोआप छातीशी गेला. पण तो वळला, गाडीत बसला आणि गेला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी आत्याला विचारलं, "आत्या, खरंच घातली व्हतीस?" गोळ्यांची बाटली तिच्याकडे होती हे मला माहीत होतं. मामा गेल्यावर दवाखान्याचा माणूस उरलेल्या गोळ्या न्यायला आला, तेव्हा तिने हरवली म्हणून सांगितलं होतं. ती तांब्याभर पाणी प्याली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "येडा हायेस का? मेलेल्या माणसाच्या नावाचा घास. त्यात म्या असलं घालीन? गहू, गूळ अन् खोबरं, बास. दोनी वाट्यांत. पण त्याला न्हाई सांगायचं. त्यो बोलल्याबिगर न्हाई."

पुढची दोन वर्षं हा खेळ चालला, आणि मला तो फार आवडला. डॉक्टर रोज स्वतःचं बीपी बघतो, हे त्याच्या कंपाउंडरने गावात सांगितलं. डोकं दुखलं की मुंबई गाठतो. वाळला. निवडणुकीचं नाव सोडलं, कारण जिथं जाईल तिथं कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करून म्हणायचं, "पाणी हाय डाक्टर. समजलं का?" तो मला स्टँडवर येऊन भेटायचा, तिला समजावा म्हणायचा. मी माइक हातात घ्यायचो आणि त्याच्या तोंडावर परळीची गाडी पुकारायचो. आत्याला फोन करायचा. ती विचारायची, "उघडलं का?" तो म्हणायचा, आधी तुम्ही सांगा. "मग माझं बी न्हाई." फोन बंद.

पण हे माझं झालं. मला त्याचं घाबरणं पुरत होतं, आत्याला नव्हतं पुरत. ती जिंकलेली नव्हती. ती वाट बघत होती. शोभाची मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आजीच्या मांडीवर बसून "आ" करायची, आणि आत्या तिच्या हातात चमचा द्यायची. "तुझ्या हातानं खा, माय." एकदाही भरवलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून म्हणतो, त्या माणसाला मी माफ करणार नाही. करा म्हणणाऱ्यालाही करणार नाही.

गेल्या हिवाळ्यात तिची छाती भरली. मी तिला माझ्याकडे गंगाखेडला आणलं. अंथरुणाला खिळली तरी सवय तशीच. चमचा ओठाशी नेला की दात आवळून धरायची. "काय हाय?" "मुगाचं पाणी, आत्या. मीठ घातलंय, दुसरं काही न्हाई." मग तोंड उघडायची. शेवटच्या सकाळी आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. मी कान लावला. "उघडलं का?" मी खोटं बोलू शकलो असतो. खोटी होती आत्या, त्याचा फोन आला होता, म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण जी बाई पाणीसुद्धा सांगून देत होती तिच्या तोंडात न तपासलेलं घालायचं? मी नाही म्हणून मान हलवली. मग चमचा पुढे केला. "पाणी हाय, आत्या." तिने तोंड उघडलं. ते पाणी घशाखाली गेलं नाही.

अस्थी गंगाखेडलाच गोदावरीत सोडल्या. गोळ्यांची बाटली तिच्या पेटीत सापडली, झाकण घट्ट लावलेली. उघडली नाही, मोजल्या नाहीत. चुलीत जाळली.

तेरावा झाला आणि मी कामावर रुजू झालो, त्याच दिवशी दुपारी डॉक्टर स्टँडवर आला. माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. म्हातारा दिसत होता. "दत्ताराव, काकू गेल्या ते कळलं. वाईट झालं." मी बस म्हटलं नाही. तो उभ्यानेच म्हणाला, "खोटी होती."

"काय?"

"काकांना खोटी गोळी होती. पिठाची. मला कळलं त्याला झाली वर्षं. पण वकील म्हणाला, बोलू नका. खरी असती तर कंपनीवर ढकलता आलं असतं. खोटी म्हटलं की सगळं माझ्यावर येतं, जुनी गोळी बंद केली, बीपी वाढलेलं दिसलं तरी थांबवलं नाही. तुम्हीच समजून घ्या."

मी त्याला मारलं नाही, याचं माझ्या बायकोला अजून नवल वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर येलदरीचा नळ होता, आणि त्याखाली धुतलेले ते दोन मोठे, रापलेले हात. काहीही न केलेले हात. हा शब्द त्याच्या खिशात होता, आणि ती बाकावर बसून दर बाजारी मागत होती. महिनाभर आधी आला असता तरी तिने पोरीला एक घास भरवला असता.

"आता मी सांगितलं," तो म्हणाला. "सौदा होता तसा. आता तुम्ही सांगा. त्या वाटीत काय होतं?"

मी विचारलं, "डोकं दुखतं का?"

"कधी कधी."

"शरीर सरावतंय," मी म्हणालो. "थोडं वरखाली होणारच."

"दत्ताराव, हात जोडतो."

"सौदा तिच्याशी होता. ती गेली. माझ्याकडं अजून उघडलेलं नाही." आणि मी माइक घेतला.

आता तुम्ही म्हणाल, अहो, पण वाट्यांत नुसती खीर होती हे तुम्ही वर लिहूनच टाकलंय, हे छापून आलं की त्याची सुटका झाली. वाचू द्या त्याला. डॉक्टर, वाचताय ना? मी कौसाबाईचा भाचा आहे. तुमच्याशी खरं बोलायला मी बांधलेला नाही. ती संध्याकाळी मला जे म्हणाली असं मी लिहिलंय, ते ती म्हणाली कशावरून? बाटलीतल्या गोळ्या मी मोजल्या नाहीत म्हणतो, ते तरी खरं कशावरून? दोन वाट्या होत्या, दिसायला सारख्या. एक तुम्ही खाल्ली, एक मी. मी ठणठणीत आहे.

समजलं का? मोबाइलकडं बघून 'समजलं' म्हणा.